डोंगराखालचं टिंब

“हेही खोटंच,” नाणेबाई म्हणाल्या आणि नाणं त्याच्यापुढे सरकवलं. “हिरमुसू नकोस. बस. का खोटं, ते बघ.”

तो बसला. आजोबांच्या पेटीतलं नाणं घेऊन संग्रहालयाच्या या मागच्या खोलीत यायची त्याची ही दुसरी खेप. बाई कधीच निवृत्त झाल्या होत्या, तरी त्यांनी खरं म्हणून सही केल्याशिवाय संग्रहालय एकही नाणं विकत घेत नसे. त्याचं सगळं घोडं त्या एका सहीपाशी अडलं होतं.

“कडेवरून नख फिरव. बारीक रेघ लागते? साच्याचे दोन भाग जुळतात ना, तिथली ती. इतकी जुनी चांदीची नाणी साच्यात ओतलेली नसायची. पत्रा कापायचा, त्यावर खुणा ठोकायच्या. वजन जास्त भरलं की कोपरा छाटायचा. तुझ्या नाण्याचे कोपरे बघ कसे, नव्या पाटीसारखे!”

तो हसला. बाई समजावायला लागल्या की दगडालाही समजावं.

“आणि एक. ही डोंगराची खूण. तिच्या अगदी तळाशी सुईच्या टोकाएवढं टिंब असतं. भल्याभल्यांना ते ठाऊक नाही. टिंब नसेल तर एवढे जिने चढून येऊच नकोस.”

“पेटीत अजून आहेत, बाई. शोधतो.”

“शोध. आणि बोटं काय काळी केलीस रे! नाणी घासत बसतोस की काय? जुनी चांदी घासायची नसते.”

त्याने हात पटकन खिशात घातले. “आता नाही घासणार.”

महिन्याभराने तो पुन्हा आला. डोळे तारवटलेले, पण चालण्यात उमेद होती.

बाईंनी भिंग लावलं. कडेला रेघ नव्हती. एक कोपरा तिरका छाटलेला. तराजूचा काटाही बरोबर जागी थांबला. तो श्वास रोखून बसला.

“वा!” बाईंनी पेनाचं टोपण काढलं. त्याचा जीव भांड्यात पडला. “हे आजोबांच्याच पेटीतलं ना?”

“हो, बाई. अगदी तळाशी होतं.”

“आणि टिंब? दाखव बघू.”

“हे काय!” त्याने अभिमानाने नख टेकवलं. “डोंगराखाली. तुम्ही सांगितलंत तस्सं.”

बाईंनी टोपण परत लावलं आणि मायेने त्याच्याकडे पाहिलं.

“इतकं मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला उभ्या जन्मात मिळाला नाही. पण बाळा, असं टिंब कुठल्याच नाण्यावर नसतं. ते त्या दिवशी मी मनानेच रचून सांगितलं होतं.”