पहार, पाट, कोयता

आबांची चौकट वरपर्यंत भरली आणि मानसीच्या मोबाईलवर 'तुम्ही जिंकलात' अशी अक्षरं नाचू लागली. तिनं मोबाईल काउंटरवर पालथा टाकला.

"आजही?" प्रदीपनं विचारलं. लोणावळ्यात दोघा नवरा-बायकोचं छोटंसं कॅफे होतं आणि दुपारी चारच्या सुमाराला तिथं माश्या मारायचंच काम असे.

"मुद्दाम हरतात. कुठंही तुकडे टाकतात. माझ्याशी धड खेळणंसुद्धा जड झालंय त्यांना."

हा खेळ तिनंच आबांना शिकवला होता. वरून तुकडे पडतात, ते फिरवून आडवी ओळ भरायची. आपली भरलेली ओळ नाहीशी होते आणि समोरच्याच्या चौकटीत खालून कचरा होऊन उगवते. ज्याची चौकट आधी भरली, तो हरला. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून जन्म काढलेल्या गोरख आबांना त्याचं वेडच लागलं. त्यांनी तुकड्यांना घरची नावंसुद्धा ठेवली. लांब ती पहार, चौकोनी तो पाट, वाकडा तो कोयता. कामशेतच्या घरी बापलेक शेजारी बसून खेळत, तेव्हा आबा तिला चारी मुंड्या चीत करत आणि वर मिशीत हसत, "रेल्वेचं डोळं हायेत बाई हे. धुक्यातला सिग्नल वळखलाय म्या."

मग मानसीनं बँकेतली पक्की नोकरी सोडली आणि कॅफे काढलं. आबा फोनवर तोंडाला येईल ते बोलले. तीही बोलली. त्या दिवसापासून बोलणं बंद झालं, पण खेळ मात्र चालू राहिला. रोज चारला आबांकडून आमंत्रण यायचं आणि ती ते घ्यायची. एक दिवस डाव संपल्यावर आबा फोन करतील, अशी तिला आशा होती. फोन तिलाही करता आला असता. पण बापाचा हट्ट लेकीत पुरेपूर उतरला होता.

आणि मग उर्से गावी मामेभावाचं, अमृतचं लग्न झालं. मानसी मांडवाच्या दारातच उभी होती. आबा आले ते चक्क आईच्या खांद्यावर हात टाकून. जन्मात कधी चारचौघांत ते असे चालले नव्हते. मानसी सगळा राग गिळून हसली. आबांनी तिच्याकडे बघितलं आणि ओळख न दाखवता तिच्या अंगावरून पुढे निघून गेले. आईनं मागे वळून नुसता हात हलवला आणि डोळ्याला पदर लावला.

मानसीनं तेव्हा एक हाक मारायला हवी होती. तिनं मारली नाही. न जेवता ती परत आली.

तेव्हापासून ती खेळात सूड उगवू लागली. तिनं वेग वाढवला. आबांचे तुकडे रेंगाळत उतरायचे आणि तिनं पाठवलेला कचरा खालून चढत जायचा. जिंकल्यावर घटकाभर बरं वाटे, मग जीव नुसता चरफडे. आईला फोन केला तर आई घाईघाईनं म्हणे, "आबा निजलेत गं."

"तू एकदा जाऊन ये," प्रदीप म्हणाला. "अर्ध्या तासाचा तर रस्ता."

"जातेच उद्या. तोंडावर सांगते, नसेल खेळायचं तर नका खेळू. आणि त्यांच्या देखत हा खेळ मोबाईलमधून काढून टाकते."

दुसऱ्या दिवशी तिनं कामशेतच्या अंगणात स्कूटर लावली आणि हातातला मोबाईल थरथरला. आबांचं आमंत्रण. बघू तरी कसे हरतात ते, असं म्हणून तिनं ते घेतलं. चपला काढून, तुकडे लावत लावतच ती पाय न वाजवता ओसरी चढली. दार उघडंच होतं.

आबा खाटेवर दाराकडे तोंड करून बसले होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर रिकामे होते. समोर आई पाठमोरी बसलेली, मोबाईल अगदी नाकाशी धरून.

"पहार आली," आई म्हणाली.

"सरू, उजव्या कडंची गल्ली मोकळी हाय का?"

"हाय."

"मग उभी कर आन् सोड."

मानसीच्या डोक्यात सणक गेली. म्हणजे इतके दिवस ती आईशी खेळत होती. आबांनी खेळ आईच्या गळ्यात मारला होता आणि स्वतः उंटावरून शेळ्या हाकत होते. लेकीसाठी दोन बोटं हलवायचाही त्यांना कंटाळा.

"पाट आलाय."

"डाव्या अंगाला ठिव. सपाट हाय न्हवं तितं?"

"मगाशी व्हतं. आता खालनं तिचा कचरा आलाय. लय मारतीया वो पोरगी."

"मारू दे. खेळतीया हे काय कमी हाय?"

मानसी उंबरा ओलांडून आत आली. भांडणाचं पहिलं वाक्य तिच्या जिभेवर होतं. तिच्या मोबाईलमध्ये तुकडे आपले आपण एकावर एक पडत होते.

"अवो," आई म्हणाली, "तिचं तुकडं नुसतंच खाली पडाय लागलेत. ती खेळंना झालीया."

"मग तूबी थांब. आपुन जितलो तर उद्या यायची न्हाई ती."

मानसी आता आईच्या पाठीशी, आबांच्या अगदी समोर, दोन हातांवर उभी होती. आबांनी मान वर केली आणि थेट तिच्या तोंडाकडे बघितलं.

"सरू," त्यांनी विचारलं, "बघ की, पोरगी हाय का गेली?"