खाचराचे फेरे

पेणच्या नाक्यावर बसून गडब गावातल्या इंजिनाचा आजार सांगेल, असा कान्हू मिस्त्रीचा कान. चंद्रावतीच्या अंगणातला पन्नास वर्षांचा ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये उभ्या उभ्या आपोआप रेस होत होता आणि थोड्या वेळाने मंदावत होता. भाताची रोपं उपटून ठेवलेली. आज खाचरात नांगर फिरवून चिखलणी झाली नाही, तर ती पिवळी पडणार.

"गव्हर्नर हाय गो वहिनी. चहा ठेव, उकळेपर्यंत बसवतो."

चहा दोनदा झाला. कान्हूने स्प्रिंग बदलली, डिझेलमधली हवा काढली. पण गव्हर्नरमध्ये दोषच नव्हता. ओझं आलं की डिझेल वाढवायचं, हे आपलं काम तो चोख करत होता. फक्त ट्रॅक्टरला मागे काही जोडलेलं नव्हतं.

कान्हूने घड्याळ लावून वेळ मोजली. चाळीस सेकंद इंजिन ओढीला लागे, मग वळताना पडतो तसा आवाज पडे. पुढच्या खेपेला पस्तीस सेकंद. मग अठ्ठावीस.

"फेरे लहान होतायत," चंद्रावती म्हणाली. "आमी बांधापासून मधे चिखलत जातो ना, तसे."

दोघांनी समोरच्या खाचराकडे पाहिलं. पाण्यावर साधी लाटही नव्हती. मधोमध तिचा हरेश वाकून तण उपटत होता.

"हरेश, बाहेर ये रं."

"येतो गो आई. पाय रुतलाय."

कान्हूने इंजिन बंद करायची स्टॉपची दांडी ओढली, डिझेलचा कॉक बंद केला. इंजिनाने आवाज चढवला.