तुळशीतली तार

जानकीबाईंच्या आयुष्यातला शेवटचा पुरता दिवस भांडणात गेला. भांडण रेडिओशी होतं.

मुंबईच्या जावयाने पाठवलेला रेडिओ सकाळच्या मोटारीने जव्हारला पोचला. धाकटी लेक चंद्रा त्याच संध्याकाळी मुंबईहून रेडिओवर पहिल्यांदा गाणार होती. गावात वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चालायचा. जानकीबाईंच्या यजमानांनी, नानांनी, खोक्याकडे एकदा पाहिलं, हात वर केले आणि कचेरी गाठली. सोबत आलेला इंग्रजी कागद वाचायला थोरली सुशीला होती, मुलींच्या शाळेतली शिक्षिका.

“तारा उलट्या जोडल्या तर आतले दिवे जळतात,” तिने वाचलं. “मग चंद्राचं गाणं तिच्या सासूनेच ऐकायचं.”

“तू वाच, जोडते मी. तुला साधी वेणी सरळ घालता येत नाही.”

लाल तार लाल खुणेला, काळी काळ्या खुणेला. प्रत्येक तारेला हात लावण्याआधी जानकीबाई विचारत, “बटण बंद आहे ना?”

“आहे गं! किती वेळा?”

घरी कामाला येणारा जामसर गावचा ढवळू परसात दोन बांबू रोवून त्यांवर तार ताणत होता. “आई, बाय तिकडं गानार नि गानं ह्या तारंवर येनार?” त्याने विचारलं.

“येणार.”

“मंग कावळा बसला तं?”

“तर तोही सुरात ओरडेल.”

नवी वस्तू घरात आली की तिला ओवाळायचं. जानकीबाई निरांजन पेटवून बॅटरीशी वाकल्या आणि सुशीला किंचाळली, “दिवा लांब ने! बॅटरीतून वायू निघतो, पेट घेईल.”

“म्हणजे ओवाळायचंच नाही?”

“लांबून ओवाळ.”

जानकीबाई माजघराच्या पार पलीकडच्या दारात गेल्या आणि तिथून त्यांनी हात लांबवून ओवाळलं. “बॅटरी सोवळ्यात आहे हो आमची,” त्या ढवळूला म्हणाल्या.

उरली एक तार. ती ओल्या मातीत पुरायची होती. पौषात अंगण वाळून दगड झालेलं. ओली माती म्हणजे तुळस. जानकीबाई तिला रोज पाणी घालत. तार तुळशीत गेली.

दिवेलागणीला नाना शेजाऱ्यांना घेऊन आले. बटण फिरवलं. आतले दिवे तांबूस उजळले, आणि रेडिओ नुसता घरघरला.

“चंद्राला सर्दी झालीय वाटतं,” नाना म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा.” जानकीबाईंचा चेहरा उतरला होता. चंद्रा लग्नानंतर दोनदाच आली होती, आणि तिचं गाणं त्यांनी तिच्या परकरातल्या वयानंतर ऐकलं नव्हतं. “सुशे, पुन्हा वाच. नीट वाच.”

“ओल्या जमिनीत, असं लिहिलंय. आई, जमिनीत! तुळस कुठे जमिनीत आहे?”

सगळ्यांनी वृंदावनाकडे पाहिलं. चिऱ्याच्या ओट्यावर चिऱ्याचं वृंदावन.

“मग ओली जमीन आणायची कुठून?”

“न्हाणीमागे. अळू आहे तिथे.”

“चूळ भरलेल्या पाण्यात?” जानकीबाईंनी एकदा तुळशीकडे पाहिलं. मग त्यांनी पदर खोचला. “बटण बंद कर. आणि हे चंद्राच्या सासूला सांगायचं नाही.”

त्या कुदळ घेऊन अळवात शिरल्या. ढवळू मागून धावला. “थांबा, आदी धरतरीला इचारू द्या.” त्याने चिमूटभर माती कपाळाला लावली आणि कुदळ त्यांच्या हातातून काढून घेतली. तार पुरली. त्यावर जानकीबाईंनी हंडाभर पाणी ओतलं.

सुशीलाने बटण फिरवलं.

चंद्रा गात होती. इतक्या जवळून, की शेजारच्या गौराकाकूंनी पदर सावरला. ढवळू घराच्या ओट्यावरून रेडिओच्या मागे डोकावून पाहत होता. जानकीबाई चिखलाच्या पायांनी मधोमध उभ्या राहिल्या. बस म्हटलं तरी बसेनात. गाणं संपेपर्यंत त्यांचे ओठ हलत होते.

“मला तिथे गायला उभं केलं असतं,” त्या हसत म्हणाल्या, “तर ऐकलं असतं का गं कुणी?”

“आधी पाय धू. घरभर चिखल केलायस,” सुशीला म्हणाली. सगळे हसले. जानकीबाई सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपून त्या आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत.

चंद्रा आली, राहिली, गेली. नाना पुन्हा कचेरीत जाऊ लागले. एका संध्याकाळी ढवळू बांबू काढायचे का विचारायला आला. “राहू देत,” सुशीला म्हणाली.

तो गेल्यावर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. घरात कुणी नव्हतं. तरी ती मोठ्याने बोलली, परसापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

“मी ऐकायचे, आई. तू तांदूळ निवडताना गुणगुणायचीस ना, तेव्हा माझ्या पुस्तकाचं पान उलटत नसे.”