वेशीवरचे देवराव

पाच वाजता नव्या राज्याची वेस उघडणार होती आणि देवरावांनी अजून एकही डुक्कर मारलं नव्हतं.

"बाबा, एकच," पायल म्हणाली. "तलवार काढा, एक वार करा, झालं. मी हाये ना सोबत."

ती खास त्यासाठी अकोल्याहून आली होती. अमरावतीच्या घरात बापलेक पलंगावर शेजारी शेजारी बसले होते, पुढ्यात आपापला लॅपटॉप. दोन्ही पडद्यांवर एकच जंगल होतं, एकच धुकं. 'ओर्विया' हा खेळ जगभरातले लोक एकाच वेळी खेळायचे. कोणी तिरंदाज, कोणी जादूगार. आज तो बंद होऊन 'ओर्विया दोन' सुरू होणार होता. कंपनीनं आधी दाखवलेली ती तरंगती बेटं आणि दुधासारखी नदी पायलला बँकेच्या काउंटरवर बसल्याबसल्याही दिसायची. अट एकच होती. ज्यानं निदान एक शिकार केली असेल, तोच आपलं नाव आणि ओळखीपाळखी घेऊन पलीकडे जाणार. बाकीचे पुसले जाणार.

देवराव पहिल्या दिवसापासून खेळातल्या गावाच्या वेशीवरच उभे होते. लढाई नाही, खजिना नाही. परतवाड्याच्या एसटीत कंडक्टरकी करून रिटायर झालेला माणूस. चढणारे-उतरणारे दिसल्याशिवाय त्यांना करमायचं नाही. जो समोर येईल त्याला ते इंग्रजी अक्षरांत विचारायचे, 'जेवले का?' सुरुवातीला लोकांना तो मंत्रच वाटला. मग कोणीतरी अर्थ शोधून काढला. ब्राझीलचा एक भलामोठा ढालवाला तर रोज थांबून 'हो' लिहायचा आणि मगच लढाईला जायचा.

संध्याकाळी अकोल्याच्या भाड्याच्या खोलीतून पायल खेळात शिरली की तिलाही तेच. 'जेवली का?' तीही 'हो' लिहायची. फोनवर दोन वाक्यांत आटोपणारा बाप तिथे मात्र तिच्याशी निवांत बोलायचा. बेटं कितीही सुंदर असोत, वेशीवर बाबा नसतील तर तिथं जाऊन करायचं काय, हे तिला कळत नव्हतं.

झुडपातून डुक्कर बाहेर आलं. धुक्यातून गळणारं सोनेरी ऊन त्याच्या पाठीवर पडलं होतं. जमीन हुंगत हुंगत ते देवरावांच्या पायाशी आलं आणि थांबलं.

"मारा ना."

"त्यानं माहं काय केलं?"

"काही नाही केलं. पडद्यावरचं डुक्कर हाये ते, बाबा. खरं थोडीच हाये."

आतून इंदूबाईंचा, पायलच्या आईचा, आवाज आला. "कोणाले सांगून राहिली तू? नांदगावच्या वावरात डुकरायनं सारा हरभरा उकरला, तवाबी यायनं नुसता डबा वाजवला."

देवराव हसले नाहीत. चष्मा वर सरकवून ते डुकराकडे बघत राहिले.

"तू अकोल्याहून या पडद्यावर येते," ते म्हणाले, "तवा मी तुले खरी समजतो ना? मंग याले कसं खोटं म्हणू?"

पायलला आधी राग आला. मग डोळे भरून आले आणि ती खिडकीकडे बघायला लागली.

डुक्कर आपल्या वाटेनं निघून गेलं. देवराव वळले, सावकाश चालत वेशीवर आले आणि नेहमीच्या जागी उभे राहिले.

"जाणाऱ्यायले पोचवाले कोणी तरी पाहिजे," ते म्हणाले.

लोक येऊ लागले. पंखवाले, शिंगवाले, अंगभर चिलखत घातलेले. डोंगर उतरून, नदी ओलांडून सगळे नव्या राज्याकडे निघाले होते, आणि देवराव एका बोटानं टाइप करत जमेल तितक्यांना विचारत होते. खोलीत ऊन तिरपं झालं होतं. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. ही सगळी माणसं आपल्याच गल्लीतून चालली आहेत, असं पायलला क्षणभर वाटलं.

पाच वाजता दोन्ही पडदे पांढरे झाले. पायलच्या पडद्यावर तिचं नाव उमटलं. देवरावांच्या पडद्यावर नुसती रिकामी चौकट आली. नवीन नाव लिहा.

"जाय तू," देवराव म्हणाले. "माही वाट नको पाहू."

तिनं बटण दाबलं. पांढऱ्यातून हळूहळू आभाळ उमटलं, मग बेटं, मग ती नदी. सगळं दाखवलं होतं तसंच होतं, स्वप्नात पाहिलेलं, आणि तिला कशाचाच आनंद होईना. लोक तिच्या दोन्ही बाजूंनी बेटांकडे पळत सुटले होते. नव्या वेशीच्या कडेला मात्र एक जण न पळता उभा होता. ढाल भिंतीला टेकवून ठेवलेली. ती जवळ गेली तशी त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली. अक्षरं इंग्रजी होती, शब्द आपले.

जेवले का?

देवराव पुढे वाकले आणि त्यांनी ते बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"हो म्हण त्याले," ते म्हणाले. "आन तो जेवला का, तेबी इचार. वेशीवरच्या माणसाले कोणी इचारत नाही."