शेरडं बसतील ते छप्पर

“शेरडांनाच इचारू,” भाऊसो म्हणाले आणि त्यांनी वाद तिथंच तोडला.

म्हसवडजवळच्या वस्तीवर त्यांच्या नव्या घराच्या भिंती उभ्या राहून महिना झाला होता. अडलं होतं ते छपरापाशी. भाऊसोंना निळा पत्रा हवा होता. दोन दिवसांत काम खलास, शिवाय वस्तीत सगळ्यांचा तोच. त्यांच्या सुनेला, सृष्टीला, कौलं हवी होती. तिच्या माहेरी मेढ्याला एक जुनं घर उतरवत होते. त्याची खणखणीत कौलं पत्र्यापेक्षा स्वस्तात मिळत होती.

“आन् वर्साला ती शाकारायची कुणी?”

“मी चढंन की, मामा. पर पत्रा नको.”

चढलीही असती. सध्याच्या पत्र्याच्या खोलीत तिची आठ महिन्यांची सोनम घामोळ्यांनी लालेलाल झाली होती, दुपारभर किंचाळायची. पुढचे उन्हाळेही लेकराला असल्याच भट्टीत ठेवायचं, या विचारानंच सृष्टीला रडू यायचं. पण सासऱ्याचा सारा जन्म शेरडांमागं गेलेला. माणसांपेक्षा त्यांचा भरवसा शेरडांच्या अकलेवर जास्त.

मग अंगणात दोन छोटे मांडव पडले. एकावर पत्रा, दुसऱ्यावर सृष्टीच्या भावानं टेम्पोतून आणलेली नमुन्याची कौलं. भर दुपारी शेरडं सोडायची, बसतील ते छप्पर.

आता एवढी मोठी गोष्ट शेरडांवर कोण सोडेल? सृष्टीनं पहाटेच कौलांखाली ओंजळभर बाभळीच्या शेंगा पसरल्या.

दुपारी दावी सुटली. म्होरकी शेळी चांदी तरातरा पत्र्याकडंच निघाली. सृष्टी मनात चरफडली. ही बया तिकडं कशाला मरायला चालली? चांदीनं आत तोंड घातलं, फुरफुरली, माघारी फिरली आणि कौलांखाली शिरली. मागोमाग सगळी. शेंगा संपल्या तरी एक उठेल तर शपथ. ऐसपैस बसून सगळ्यांचं रवंथ सुरू.

“ठरलं. कौलं,” भाऊसो म्हणाले.

सृष्टीला लय आनंद झाला, पण घटकाभरच. म्हातारा इतक्या सरळ मनानं हरलेला बघून तिला राहवेना.

“मामा, चुकलं माझं. कौलांखाली मी शेंगा टाकल्या हुत्या.”

भाऊसो पोट धरून हसले.

“त्या पहाटंच दिसल्या मला. म्हणून तर तेवढ्याच पत्र्याखालीबी टाकल्या. जा, बघून ये. अजून तशाच हायत.”