अर्धं सोंग

"मान हलवू नका," मंगली म्हणाली आणि नवऱ्याच्या डाव्या गालावर तिनं काजळाचं बोट ओढलं.

स्टेजच्या मागे, कनातीच्या आडोशाला, उदेभान पत्र्याच्या पेटीवर बसला होता. कमरेला पळसाची पानं, डोक्यात मोरपीस. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दरवर्षी नाच-गाण्यांची, सोंगांची दंडार व्हायची आणि दंडारीत दरवर्षी त्याचं 'जंगल्या'चं सोंग. जंगलातला येडा गोंड बाजारात येतो, आरशाला भितो, साबण खातो. लोक लोळून हसायचे. उदेभान स्वतः गोंडच होता. रंगानंही काही कमी काळा नव्हता. तरी काजळ लागायचंच. त्याशिवाय लोकांना तो गोंड वाटत नसे.

या वर्षी सोंगाच्या आधी रोशनचं रॅप होतं. रोशन त्यांचा मुलगा. पुण्यात शिकणारा, मोबाईलवर गाजलेला. त्याला बोलवा म्हणून उदेभाननंच भैयाजीकडे चकरा मारल्या होत्या. मंडई भैयाजीच भरवायचा.

भोंग्यातून धडधड सुरू झाली.

"हा भांडून राहिला का जी कोणासंग?" मंगलीनं विचारलं.

"रॅप असंच रायते. आयक."

*पुण्यात इचारते, कोण बे तू, नक्षली?*
*गावात बापाले पाहून मंडई हसली!*

मंगलीचं बोट थांबलं.

*माहा बाप काळाच, त्याले आणखी काळं फासता,*
*गोंड दाखवा म्हणता, अन् पोट धरून हसता!*

बाहेर शिट्ट्या वाजत होत्या, त्या बंद झाल्या. हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न तेवढा ऐकू आला. मंगलीला नवऱ्याच्या तोंडाकडे पाहवेना, आणि हात तर त्याच तोंडावर होता. गावात त्याला जे काही नाव होतं, ते या एका सोंगाचं. तेच पोरानं भर मंडईत उघडं पाडलं होतं.

गाणं संपलं. टाळ्या आल्या, पण विचार करून आल्यासारख्या.

भैयाजीनं कनात वर केली. "उदेभान, जाय गा लवकर! तुह्या पोट्ट्यानं पब्लिक थंडी करून टाकली. हसव तिले."

"आलो जी."

भैयाजी गेला. उदेभाननं उजवा गाल पुढे केला. "लाव."

मंगलीनं डबीचं झाकण लावलं. "सरलं काजळ."

डबी काठोकाठ भरलेली होती. सकाळी त्यानंच ती पिशवीत ठेवली होती. त्यानं डबीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग तो हसला.

"तू बी रॅप कराले लागली का वो?"

त्यानं डोक्यातलं मोरपीस काढून तिच्या हातात दिलं आणि पायऱ्या चढला.

तो दिसला तसे लोक हसू लागले. सवयच ती. रोशन माईकजवळ मान खाली घालून उभा होता. उदेभाननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, माईक घेतला आणि आधी मंडईला हात जोडले.

"तुमचे लई उपकार हायेत माह्यावर. तुमी पोटभर हसले, म्हणून हा शिकला. मस्करी नाही, खरंच सांगून राहिलो."

लोक आणखी हसले.

"आता एकच सांगा." त्यानं काजळाचा गाल लोकांकडे केला. मग सावकाश मान वळवून दुसरा. "यातला गोंड कोणता?"

हसणं मध्येच कुठेतरी अडकलं. पुढच्या रांगेत भैयाजी खुर्चीत नीट बसला. उदेभानला घाई नव्हती. तो मान सरळ करून समोर पाहत उभा राहिला. रोशननं हळूच मान वर केली.

स्टेजच्या उजव्या अंगाला, कनातीआडून पाहत, मंगलीनं डबी आणि मोरपिसासकट हात जोडले. देवाला, की पोराला, की त्या भोंग्याला, तिचं तिलाच कळलं नाही. ती उभी होती तिथून नवऱ्याचा फक्त कोरा गाल दिसत होता. मंडईच्या उजेडात तो ती पहिल्यांदाच पाहत होती.