वळचणीचं नाक

घरात ऊब टिकावी म्हणून इद्रिसने माळ्यावर स्वतःच्या हाताने ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, अंथरलं आणि वेल्समधल्या आपल्या खाणगावच्या पबमध्ये आठवडाभर त्याची शेखी मिरवली. जानेवारीत पलंगावरच्या छताला ओलीचे काळे डाग पडले, तेव्हा बायको ग्लेनिस एवढंच म्हणाली, "वळचणीला फट ठेवलीस ना? आमचे बाबा छपरांवर दगडी पाट्या बसवायचे. ते म्हणायचे, वळचण म्हणजे घराचं नाक, ते बुजलं की आतली वाफ छताला धरते."

"ठेवली की," इद्रिस म्हणाला आणि त्याचे कान तापले. वारा येतो म्हणून त्याने सगळी वळचण ग्लासवूलने ठासून बुजवली होती.

डाग बघून येतो म्हणत तो वर चढला. वासे ओले होते, खिळ्यांच्या टोकांना थेंब लोंबत होते. शरमेने मान खाली घालून तो वळचणीपर्यंत रांगत गेला आणि त्याने ग्लासवूल उपसून काढलं.

बाहेर बर्फ साचलं होतं, पण फटीतून आलेली हवा ऊबदार होती. ती आली, मागे ओढली गेली, पुन्हा आली. आपलाच श्वास असेल म्हणून त्याने श्वास रोखला. ती थांबली नाही.

त्याने घाईघाईने ग्लासवूल परत कोंबलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं.

शिडीपाशी येऊन ग्लेनिसने विचारलं, "खरं सांग, फट ठेवली होतीस?"

इद्रिसने तोंड उघडलं. पण तो बोलण्याआधीच ग्लासवूलच्या मागून त्याच्याच आवाजात उत्तर गेलं, "नाही गं. मीच बुजवली."

"बरं झालं बोललास. ये आता खाली."

"आलोच," तो आवाज म्हणाला, आणि इद्रिसच्या तळव्यांखालचं ग्लासवूल आत, त्याच्या दिशेने सरकू लागलं.